गोदुग्ध-अधिहर्षता, अर्भकांतील : निदानाचा इतिहास

गोदुग्ध-अधिहर्षता, अर्भकांतील : गाईच्या दुधातील प्रथिनांविरुद्ध अर्भकाच्या प्रतिरक्षा यंत्रणेकडून (रोगप्रतिकार यंत्रणेकडून) जो विकृत प्रतिसाद दिला जातो, त्यामुळे उद्भवणाऱ्या विकाराला गोदुग्ध-अधिहर्षता (गाईच्या दुधाची ॲलर्जी) म्हणतात. हा विकार बहुधा वयाच्या पहिल्या वर्षात, विशेषतः वरचे दूध सुरू केल्यानंतर काही दिवसांत वा आठवड्यांत, दिसू लागतो. ‘दूध बाधणे’, ‘वरचे दूध न मानवणे’ हे मराठीतील वाक्प्रयोग जुने व सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्या पोटात अधिहर्षता, दुग्धशर्करेचे अपचन, दूषित दुधामुळे होणारा अतिसार आणि अयोग्य प्रमाणात पाजलेल्या दुधाचे परिणाम अशा भिन्न गोष्टी येतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या काढणे हेच निदानाचे कार्य होय. दूध बंद करणे, लक्षणे ओसरतात का हे पाहणे व दूध पुन्हा देऊन ती परततात का हे ठरविणे, अशी एक साधी कसोटी या कार्यासाठी विसाव्या शतकात सिद्ध झाली. रक्तपरीक्षा व त्वचापरीक्षा यांची भर पडूनही तिचे स्थान अबाधित राहिले आहे.

स्वरूप : गाईच्या दुधात दर १०० मिलि.मध्ये सु. ३.३ ग्रॅ. प्रथिने असतात, तर आईच्या दुधात ती सु. १ ग्रॅ. असतात. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सु. ८०% केसीन असून उरलेली दुधाच्या निवळीत आढळतात. निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलीन हे प्रथिन मानवी दुधात मुळीच तयार होत नाही. मात्र आईने प्यालेल्या गाईच्या दुधातील या प्रथिनाचा सूक्ष्म अंश तिच्या दुधात उतरू शकतो. त्यामुळे केवळ अंगावर पिणाऱ्या अर्भकातही क्वचित हा विकार आढळतो.

विकाराचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात ‘प्रतिरक्षा-ग्लोब्युलीन ई’ या वर्गाचे प्रतिपिंड भाग घेतात व दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटे ते दोन तासांत अंगावर पित्त उठणे, ओठ व पापण्या सुजणे, ओकारी, श्वास कोंडणे आणि क्वचित प्राणघातक तीव्रग्राहिता (ॲनाफिलॅक्सिस) ही लक्षणे उद्‌भवतात. दुसऱ्या प्रकारात हे प्रतिपिंड नसतात. लक्षणे काही तासांनी, काही दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात व ती मुख्यतः पचनमार्गाची असतात : शौचावाटे रक्त व आव पडणे, चिवट अतिसार, ओकाऱ्या, वजन न वाढणे आणि रक्तक्षय. पहिल्या प्रकारात कारण व परिणाम यांचा संबंध आईच्याही सहज लक्षात येतो. दुसऱ्यात तो संबंध काळाच्या अंतरामुळे झाकला जातो आणि मूल दीर्घकाळ आमांशाचा रोगी समजले जाते.

प्राचीन भारतीय वैद्यक : आयुर्वेदात बालरोगांचा विचार ‘कौमारभृत्य’ या स्वतंत्र अंगात केलेला आहे. बोलता न येणाऱ्या रोग्याची पीडा ओळखावी कशी, हा या शाखेचा मूळ प्रश्न होय. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील वेदनाध्यायात अर्भकाचे रडणे, हालचाली, स्तन धरणे वा नाकारणे इ. चिन्हांवरून रोग जाणण्याची रीत सांगितली आहे. नेपाळमध्ये मिळालेल्या हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने प्रसिद्ध केली. स्तन्याचे दोष व त्यांचे अर्भकावर होणारे परिणाम यांची चर्चा आयुर्वेदीय ग्रंथांत विस्ताराने आढळते. आईच्या दुधाच्या अभावी शेळीचे अथवा गाईचे दूध द्यावे, असे अष्टांगहृदयात म्हटले आहे. एकाला हितकर असलेला आहार दुसऱ्याला अहितकर ठरू शकतो, हा विचार ‘सात्म्य’ व ‘असात्म्य’ या संज्ञांनी व्यक्त केला जाई. ही कल्पना आधुनिक अधिहर्षतेशी समानार्थी नाही. तथापि आहार व व्यक्ती यांचा संबंध निरीक्षणाने ठरवावयाचा असतो, ही दृष्टी तीत आहे.

पाश्चात्त्य वैद्यकातील शोध : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपातील शहरांत गाईच्या दुधावर वाढविल्या जाणाऱ्या अर्भकांची संख्या वाढली व त्याबरोबर दुधाच्या दुष्परिणामांकडे वैद्यांचे लक्ष वेधले गेले. १९०२ मध्ये शार्ल रीशे (१८५०–१९३५) व पॉल पॉर्त्ये (१८६६–१९६२) या फ्रेंच शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांत तीव्रग्राहितेचा शोध लावला. त्यासाठी रीशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९०५ मध्ये आर्टूर श्लॉसमान व हाइन्‍रिक फिंकेलश्टाइन या जर्मन बालरोगतज्ञांनी गाईच्या दुधाने अर्भकांत उद्‌भवलेल्या तीव्र प्रतिक्रियांची वर्णने प्रसिद्ध केली. फिंकेलश्टाइन यांनी वर्णिलेल्या अर्भकाचा मृत्यू ओढवला होता. १९०६ मध्ये क्लेमेन्स फोन पिर्के (१८७४–१९२९) या ऑस्ट्रियन बालरोगतज्ञांनी ‘ॲलर्जी’ ही संज्ञा रूढ केली.

१९१२ मध्ये ऑस्कर श्लॉस या अमेरिकन वैद्यांनी अन्नघटकांचे अर्क त्वचेवर ओरखडा काढून लावण्याची परीक्षा एका मुलाच्या बाबतीत वापरली. १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्स व हाइन्ट्‌स क्युस्टनर यांनी अधिहर्षता रक्तरसाच्या द्वारे एका व्यक्तीतून दुसरीत नेता येते, हे दाखविले. रक्तरसातील हा कारक घटक मात्र १९६६-६७ मध्ये ओळखला गेला. किमिशिगे व तेरुको इशिझाका हे अमेरिकेत संशोधन करणारे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील एस्. जी. ओ. योहान्सन व हान्स बेनिक यांनी स्वतंत्रपणे तो शोधला. १९६८ मध्ये त्यास ‘प्रतिरक्षा-ग्लोब्युलीन ई’ हे नाव मिळाले व रक्तातील विशिष्ट प्रतिपिंड मोजण्याचा मार्ग खुला झाला. परंतु या शोधाने पहिल्या प्रकाराच्याच निदानाला बळ मिळाले. पचनमार्गाच्या दुसऱ्या प्रकारात या परीक्षा नकारात्मक येतात.

आव्हान कसोटी : १९५० नंतर वेगवेगळ्या तज्ञांच्या अहवालांत या विकाराचे प्रमाण परस्परांशी न जुळणारे येऊ लागले, कारण निदानाची सर्वमान्य व्याख्या नव्हती. १९६३ मध्ये आर्मंड गोल्डमन व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी काटेकोर निकष मांडले. दूध बंद केल्यावर लक्षणे थांबली पाहिजेत. दूध पुन्हा दिल्यावर ती ४८ तासांच्या आत परतली पाहिजेत. असे तीन वेळा घडले पाहिजे. तिन्ही वेळा लक्षणांचा आरंभ व कालावधी सारखा असला पाहिजे. आणि प्रत्येक वेळी दूध बंद करताच ती ओसरली पाहिजेत, असे हे निकष होते. दूध पुन्हा देऊन पाहण्याच्या पायरीला ‘आव्हान’ अशी संज्ञा आहे. आजारी अर्भकाला तीनदा धोक्यात घालणे व्यवहारात अवघड व नैतिक दृष्ट्या अनुचित ठरल्याने पुढे एका आव्हानावर समाधान मानले जाऊ लागले. १९७६ मध्ये चार्ल्स मे यांनी अन्न-अधिहर्षतेच्या अभ्यासात अशी पद्धत वापरली की, दिलेल्या पदार्थात संशयित अन्न आहे की नाही, हे रोगी व निरीक्षक या दोघांनाही माहीत नसते. संशोधनात हीच पद्धत प्रमाणभूत मानली जाते. त्याच सुमारास जेराल्डीन पॉवेल यांनी दूध व सोयाबीन यांमुळे अर्भकांत होणाऱ्या आंत्र-बृहदांत्रशोथाचे स्वरूप व त्याच्या आव्हानाची रीत १९७६ व १९७८ मधील लेखांतून स्पष्ट केली.

आव्हानाची पायरी का आवश्यक आहे, हे डेन्मार्कमधील एका अभ्यासावरून कळते. आर्ने हॉस्ट व सुसाने हाल्केन यांनी १,७४९ नवजात अर्भकांचा पाठपुरावा करून १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ११७ अर्भकांत (६.७%) दुधाच्या अधिहर्षतेचा संशय यावा अशी लक्षणे पहिल्या वर्षात दिसली, परंतु दूध बंद करून व पुन्हा देऊन पाहिल्यावर ती फक्त ३९ अर्भकांत (२.२%) सिद्ध झाली. म्हणजे संशयितांपैकी दोनतृतीयांश मुलांना हा विकार नव्हता. यूरोपातील नऊ देशांतील १२,०४९ बालकांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिद्ध झालेल्या विकाराचे प्रमाण त्याहूनही कमी, सु. ०.५% भरले.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : मुंबईत केवळ बालकांसाठी असलेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ मध्ये परळ येथे सुरू झाले. त्या काळात व त्यानंतरही कित्येक वर्षे अर्भकाच्या चिवट अतिसाराचा विचार प्रामुख्याने जंतुसंसर्ग व कुपोषण या अंगांनी होई आणि मृत्यूची प्रमुख कारणे तीच असल्याने ते स्वाभाविकही होते. दुधाच्या पुरवठ्याचे स्वरूपही यूरोपाहून वेगळे होते. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीतील जनावरे मुख्यतः म्हशी होत्या. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालकांसाठी भुकटी करण्याची पद्धत विकसित केली व तिच्या आधारे गुजरातमधील खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने तयार केलेली भुकटी १९६० च्या सुमारास बाजारात आली. त्यामुळे येथील पुष्कळ मुलांच्या बाबतीत ‘वरचे दूध’ म्हणजे म्हशीचे दूध होते. म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी निकटचे साम्य दाखवितात. म्हणून विकाराच्या नावात गाईचा उल्लेख असला, तरी म्हशीचे दूध पिणारे अर्भक त्यातून सुटत नाही.

दुधाविषयीची तक्रार नेहमी दुधाच्याच दोषाची असते असे नाही, हे महाराष्ट्रातील एका महत्त्वाच्या संशोधनाने दाखविले. भारतीय बालयकृत् सूत्रणरोग हा लहान मुलांचा घातक विकार दीर्घकाळ अनाकलनीय राहिला होता. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे यांनी स्ट्यूअर्ट टॅनर या ब्रिटिश तज्ञांसमवेत त्याचा अभ्यास केला. रोग्यांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण फार वाढलेले असते, हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले; १९८३ मध्ये कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत तापविलेले व ठेवलेले जनावराचे दूध लहान वयात पाजण्याशी त्याचा संबंध दाखविण्यात आला. तांबे दुधातील केसिनाला चिकटते व दुधाबरोबर अर्भकाच्या पोटात जाते. पितळी भांड्यांचा वापर मागे पडल्यावर हा रोग दुर्मिळ झाला. हा विकार अधिहर्षता नव्हे. परंतु मुलाला कोणते दूध, कोणत्या वयात, कशातून व कसे दिले, ही बारकाईने घेतलेली आहारविषयक हकीकत निदानात किती निर्णायक ठरू शकते, याचे ते ठळक उदाहरण आहे.

रायगडचा किनारा : १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याची उरण, अलीबाग, मुरुड व श्रीवर्धन ही किनारी ठाणी होत. कोळी, आगरी व इतर समाजांच्या येथील आहारात भात व मासळी यांचा वाटा मोठा असून दुधाचा त्या मानाने कमी राहिला आहे. अतिवृष्टीच्या या प्रदेशातील गवत निकृष्ट प्रतीचे असते व स्थानिक गाई लहान चणीच्या आणि थोडे दूध देणाऱ्या आहेत. कोकणातील या गाईंना २०१८ मध्ये ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. उष्टावणानंतर मुलाला भाताची पेज वा नाचणीचे सत्त्व देण्याची चाल कोकणात जुनी आहे. आईचे दूध दीर्घकाळ चालू ठेवण्याच्या रिवाजामुळे अर्भकाचे मोठे संरक्षण होते. पुढे पिशवीतील दूध व डब्यातील भुकटी गावोगाव पोहोचल्यावर वरच्या दुधाशी अर्भकाचा संबंध लवकर येऊ लागला.

अशा प्रदेशात निदान करताना तीन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे पावसाळ्यातील अतिसार. जंतुसंसर्गाने आतड्याचे अस्तर दुखावले की, दुग्धशर्करा पचविणारे लॅक्टेज हे एंझाइम काही काळ कमी पडते व दूध पिताच पातळ, आंबूस, फसफसणारे शौचास होऊन गुदद्वाराभोवतीची त्वचा लाल होते. हे दुग्धशर्करेचे अपचन आहे, अधिहर्षता नव्हे. आतडे बरे झाले की ते सहसा आपोआप थांबते. दुसरी गोष्ट म्हणजे पेज व मासळी. पॉवेल यांनी वर्णिलेला आंत्र-बृहदांत्रशोथ दुधाप्रमाणेच इतर अन्नांनीही होतो. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे तांदूळ आणि इटली व स्पेन येथे मासे ही त्याची ज्ञात कारणे आहेत. अन्न दिल्यापासून एक ते चार तासांनी वारंवार ओकाऱ्या होऊन मूल फिके व निस्तेज पडणे, हे त्याचे लक्षण. भातावर व मासळीवर मुले वाढतात अशा किनाऱ्यावर दुधाला दोषी ठरविण्यापूर्वी त्याच दिवशी दुसरे काय दिले होते, हे विचारलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट अंतराची. बालकांच्या पचनविकारांच्या विशेष तपासणीसाठी किनाऱ्यावरील कुटुंबाला बहुधा मुंबई गाठावी लागते. पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँचसेवा बंद असे व खाड्यांना वळसा घालून जाणारा रस्ता लांबचा होता. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी बोट व जानेवारी २०२४ मध्ये शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू सुरू झाल्याने हा प्रवास सुकर झाला आहे. तरीही ज्या कसोटीसाठी यंत्राची गरज नाही, तिचे महत्त्व अशा ठिकाणी अधिक आहे. सौम्य लक्षणांच्या अर्भकात पहिल्या दोन पायऱ्या जवळच्या वैद्याच्या देखरेखीखाली घरीच पार पाडता येतात; फक्त रोजची नोंद नेटकी ठेवावी लागते.

सध्याची निदानपद्धती : भारतात या विकाराकडे पद्धतशीर लक्ष वेधले ते मुख्यतः लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील कार्यामुळे. तेथील उज्जल पोद्दार, सुरेंदर कुमार याच्छा व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये, विकसनशील देशांतही हा विकार ओळखला गेला पाहिजे, असे प्रतिपादन केले. २०२० मध्ये भारतीय बालपचनविकार-तज्ञांच्या संघटनेने निदान व उपचार यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे इंडियन पेडिॲट्रिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

प्रथम संपूर्ण हकीकत घेतली जाते : दूध कधी सुरू केले, लक्षण किती वेळाने दिसले, कुटुंबात दमा वा इसब आहे काय, वजन कसे वाढले. शौचात रक्त असल्यास जंतुसंसर्ग व गुदद्वाराची चीर ही सामान्य कारणे आधी वगळतात. तात्काळ प्रतिक्रियेचा संशय असल्यास त्वचेवर टोचून करावयाची परीक्षा किंवा रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांचे मापन करतात. ही परीक्षा सकारात्मक आली, तरी तिचा अर्थ संवेदनशीलता एवढाच होतो. लक्षणांशी मेळ बसल्याशिवाय रोग सिद्ध होत नाही. विलंबित प्रकारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीतून तपासणी करून जीवोतक परीक्षेसाठी अस्तराचा सूक्ष्म तुकडा घेतात. त्यात इओसीनरागी कोशिकांची वाढ व अस्तरावर लहान व्रण दिसणे ही निदानास पूरक चिन्हे होत.

त्यानंतर दोन ते चार आठवडे दूध व दुधाचे पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करतात. मूल अंगावर पीत असल्यास स्तनपान मुळीच थांबवीत नाहीत. आईने स्वतः दुग्धजन्य पदार्थ सोडावयाचे असतात व तिला कॅल्शियम पुरवावे लागते. लक्षणे ओसरली नाहीत, तर निदान चुकले असे समजून दूध पुन्हा सुरू करतात व दुसरे कारण शोधतात. ती ओसरली, तर अल्प मात्रेपासून वाढत्या प्रमाणात दूध देऊन आव्हान करतात. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेल्या मुलात आव्हान फक्त रुग्णालयात, ॲड्रेनॅलीन हाताशी ठेवूनच करावयाचे असते. तीव्रग्राहिता निश्चितपणे घडून गेली असेल, तर ते टाळतात.

पर्यायी दूध : निदान पक्के झाल्यावर, आईचे दूध उपलब्ध नसेल तर, ज्यातील प्रथिनांचे लहान तुकड्यांत विघटन केलेले आहे अशी भुकटी किंवा सहा महिन्यांनंतर सोयाबीनयुक्त आहार देतात. विघटित प्रथिनांची भुकटी महाग असल्याने निदानाची अचूकता हा कुटुंबाच्या खर्चाचाही प्रश्न ठरतो. शेळीचे दूध ‘हलके’ म्हणून देण्याची प्रथा सर्वत्र आढळते. परंतु इटलीत १९९९ मध्ये तपासलेल्या २६ मुलांपैकी २४ जणांना शेळीच्या दुधानेही प्रतिक्रिया आली. शिवाय त्यात फॉलिक अम्ल कमी असल्याने केवळ त्यावर वाढणाऱ्या मुलाला रक्तक्षय होतो. गाढविणीचे दूध बाळाला पाजण्याची लोकरूढी महाराष्ट्रात परिचित आहे. त्याची घटना मानवी दुधाच्या जवळची असून ते पुष्कळ रोगी मुलांना सोसते, असे इटलीतील अभ्यासांत दिसले. मात्र त्यात स्निग्ध पदार्थ फार थोडे असल्याने ते एकट्याने अर्भकाला पुरत नाही आणि न तापविता पाजल्यास जंतुसंसर्गाचा धोका असतो.

अतिनिदानाचा प्रश्न : निदान हुकल्यास मूल अकारण प्रतिजैविके घेत राहते, खंगते व क्वचित दगावते. उलट, रडणे, दूध टाकणे, अंगावर पुरळ येणे अशा निरोगी अर्भकांतही दिसणाऱ्या गोष्टींवरून घाईने शिक्का मारल्यास आईचा आहार विनाकारण तुटतो, स्तनपान लवकर बंद पडते व मूल महागड्या भुकटीवर जाते. भुकट्यांच्या उत्पादकांचे हितसंबंध अशा निदानाशी निगडित असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारतात त्यासाठी १९९२ चा कायदा असून २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. त्याअन्वये दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा अन्नाच्या जाहिरातीस व प्रसारास मनाई आहे.

पूर्वानुमान : हा विकार बहुतेक मुलांत कालांतराने नाहीसा होतो. वर उल्लेखिलेल्या डॅनिश अभ्यासातील मुलांपैकी ५६% एका वर्षाच्या, ७७% दोन वर्षांच्या व ८७% तीन वर्षांच्या वयापर्यंत दूध सोसू लागली. पचनमार्गाच्या विलंबित प्रकारात बरे होण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी योग्य देखरेखीखाली दूध पुन्हा देऊन पाहतात. अशी फेरतपासणी न झाल्यास एकदा लागलेले पथ्य विकार संपल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहते. निदानाच्या वेळी ज्या आव्हानाने विकार सिद्ध होतो, त्याच आव्हानाने पुढे त्यातून झालेली मुक्तताही सिद्ध होते.